वीतभर

कपाटाची मागची फळी काढली
तर आत बारा वर्षांच्या वायरी.
काळ्या, करड्या, एक बावळट निळी,
एकमेकींच्या गळ्यात गळे घालून बसलेल्या.
त्यांच्यावर धूळ, मांजराचे केस
आणि कुठल्याशा रिमोटचं हरवलेलं झाकण.
"हेच शोधत होता तो," लेम्पी म्हणाली,
आणि झाकण एप्रनच्या खिशात टाकलं.

थंडर बे. बाहेर उणे सव्वीस.
तळ्यावर बोटी नाहीत,
धान्याच्या कोठारांवर वाफ गोठलेली.
मी आधी रॅकच्या लोखंडाला बोट टेकवलं;
या कोरड्या हवेत माणूस म्हणजे
चालतीबोलती ठिणगी.

सगळ्यात जड तो तळाला, हे ठरलेलं.
अ‍ॅम्प्लिफायर तापतो, त्याच्या डोक्यावर
चार बोटं मोकळी हवा.
आजवर तिथे मांजर झोपायचं,
म्हणून तर हॉकीचा सामना रंगात आला
की आवाज बंद पडायचा
आणि अर्वो कंपनीच्या नावाने खडे फोडायचा.

"व्हीसीआर ठेवायचा?"
"कॅसेटी आहेत?"
"एक आहे. तिच्यात काही नाही.
नवा कॅमेरा चालतो का बघायला
त्याने टीव्हीचंच चित्रण केलं होतं.
हवामानाचा अंदाज आहे, ब्याण्णव सालचा.
मध्येच त्याचा खोकला येतो."
व्हीसीआर ठेवला. खालून तिसरा.

विजेच्या वायरी डाव्या अंगाने,
आवाजाच्या उजव्या.
"शेजारी शेजारी निजल्या तर घरघर लागते," मी म्हणाले.
"आमचं उलट होतं," लेम्पी म्हणाली.
मग बराच वेळ
फक्त माझा स्क्रूड्रायव्हर.

प्रत्येक टोकाला चिकटपट्टी,
निळ्या पेनाचं ठसठशीत अक्षर:
टीव्ही. रेडिओ.
हॉल, खिडकीकडचा.
हॉल, तिच्या खुर्चीकडचा.
आणि त्या बावळट निळीवर:
काढू नका. मला विचारा.

मार्चपासून
विचारायची सोय नाही.

या टोकाला ती कशालाच जोडलेली नव्हती.
माझ्या धंद्यात अशी वायर कापतात,
गुंडाळतात, पुढच्या कामाला लागतात.
पण लेम्पी तोवर गुडघ्यांवर बसली होती,
अठ्ठ्याहत्तर वर्षांची, लोकरीचे मोजे,
एका हातात टॉर्च,
गालिच्याची कड उचलत
वायरीमागोमाग.
मी तिच्या मागे.

भिंतीला धरून, जिन्याच्या पोटातून,
पायरी पायरीला एकेक बारका खिळा,
इतक्या निगुतीने ठोकलेला
की तो कधी ठोकला
हे तिलाही कळलं नव्हतं.
वर, झोपायच्या खोलीत,
पलंगाच्या तिच्या बाजूला,
भिंतीत दोन स्क्रू.
त्यांच्यावर काही टांगलेलं नाही.
"मला वाटायचं, फोटोसाठी असतील."

निळी वायर त्यांच्या अलीकडेच संपलेली.
लेम्पीने अंगठा वायरीच्या टोकाला ठेवला,
करंगळी ताणून स्क्रूला लावली.
बरोब्बर वीत.

"शनिवारी आणतो म्हणाला होता," ती म्हणाली.
"काय आणतो, ते नाही बोलला.
कुठल्या शनिवारी, तेही नाही."

गाडीत माझ्याकडे अख्खं रीळ होतं.
जोड द्यायला दोन मिनिटं,
एक जुना छोटा स्पीकरही निघाला असता.
मी तसं म्हणाले.
ती उठली, आधी एक गुडघा, मग दुसरा.
"आज नको," म्हणाली. "आज मंगळवार."

खाली आम्ही कॉफी प्यायलो.
मी नव्या छापील चिठ्ठ्या लावल्या,
तिने त्या एकेक वाचल्या, मान हलवली.
निळीची जुनीच ठेवली, अक्षर बाहेरच्या बाजूला.
बटण दाबलं. हिरवे दिवे
खालून वर एकेक करत लागले,
घरघर अजिबात नाही.

मांजर आलं. ऊब कुठे आहे ते
त्याला बरोबर कळलं.
चार बोटांच्या त्या फटीत
आधी डोकं घालून पाहिलं,
मग पाठ,
मग माझ्याकडे.